रिसर्चचा प्रश्न कसा बांधायचा? पुस्तक किंवा क्लास सुचवा (बजेट ८०० रु.)

नाईटड्युटी_राजारामपुरी
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात स्टाफ नर्स आहे, सोबत एम.एस्सी. नर्सिंगचं पहिलं वर्ष. पंधरा दिवसांत सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायचाय. कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत ठेवतात ती नळी) लावलेली जागा लाल होते, दुखते, शीर दोरीसारखी हाताला लागते, त्यावर काम करायचंय. मॅडम म्हणतात, "हा विषय झाला, प्रश्न कुठाय?" प्रश्न बांधायला शिकवणारं पुस्तक किंवा छोटा क्लास सांगा. बजेट ८०० रुपये, वर एक रुपया नाही. वेळ दिवसाला तासभर.

सांख्यिकी_दादा
साडेसहा हजारांचा ऑनलाइन कोर्स घ्या, मी केलाय. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. लॅपटॉप मात्र १६ जीबी रॅमचाच हवा.

नाईटड्युटी_राजारामपुरी
दादा, ८०० म्हटलंय.

निवृत्त_सिस्टर
बाळ, क्लास बिस कशाला? तीस वर्षं वॉर्डात काढली मी. बोटानं शीर चाचपून कॅन्युला लावायचो, एकाचाबी हात सुजला नाही.

पुणेकर_४११०३०
लावायचो की लावायचे?

निवृत्त_सिस्टर
कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात. तुमचं तुमच्यापाशी ठेवा.

गुलाबी_वीस
एकाचाही नाही? सिस्टर, तेव्हा बघून लिहून ठेवत होतं कोण?
ताई, एक ऐक. गाईडनं तयार विषय दिला तर घेऊ नकोस. मला मिळाला होता 'अमुक आजाराच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता'. साठ जण बसवले, प्रश्नपत्रिका दिली, तासभर शिकवलं, परत तीच प्रश्नपत्रिका. मार्क वाढले. वाढणारच की, उत्तरं मीच सांगितली होती! दोन वर्षांत एका पेशंटच्या अंगाला हात लागला नाही. बाइंडिंगचे पैसे गेले ते वेगळेच.

पेठेतला_भावा
आमची मंडळी पण नर्सच. तिनं असलंच केलेलं. सबमिशनच्या दिवशी मिसळ खाल्ली, तेवढंच लक्षात हाय.

लायब्ररी_कोपरा
विकत काही घेऊ नका, कॉलेजच्या लायब्ररीत असतं. पिको वापरा: पेशंट कोण, उपाय काय, तुलना कशाशी, परिणाम कोणता. १९९५ पासून ही चौकट चालू आहे. काहीजण शेवटी टी, म्हणजे कालावधी, जोडतात. तुमच्या विषयात असं: प्रौढ पेशंटमध्ये (पी) कॅन्युला गरज पडेल तेव्हाच बदलली (आय), ठरलेल्या वेळी बदलण्याच्या तुलनेत (सी), तर फ्लेबायटिस, म्हणजे तुम्ही सांगता तो शिरेचा दाह, वाढतो का (ओ)?
आणि 'फ्लेबायटिस म्हणजे काय' हा रिसर्चचा प्रश्न नव्हे. त्याचं उत्तर पुस्तकात असतं.

सांख्यिकी_दादा
पिको माझ्या कोर्समध्ये दुसऱ्याच दिवशी शिकवतात. साडेसहा हजारांत.

गुलाबी_वीस
कोपरा यांचा प्रश्न शिळा आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली आलाय. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधली तीन हॉस्पिटलं, ३,२८३ पेशंट. तिसऱ्या दिवशी बदलली काय नि गरजेनुसार बदलली काय, फ्लेबायटिस दोन्हीकडे ७ टक्के.

निवृत्त_सिस्टर
बहात्तर तासाला बदलायची म्हणजे बदलायची. आम्ही पट्टीवर तारीख लिहायचो.

लायब्ररी_कोपरा
शहाण्णव तासही चालतात, सिस्टर. आणि शिळा म्हणू नका. तिकडचा वॉर्ड आणि आपला वॉर्ड एक आहे का? इथे चार नातेवाईक पेशंटच्या कॉटवरच बसलेले असतात.

गुलाबी_वीस
म्हणून नवशिक्या मुलीनं ट्रायल करायची? हॉस्पिटलचा बदलायचा नियम असेल तर तो मोडायला एथिक्स कमिटी लगेच होकार देणार नाही. होकार दिलाच तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयमध्ये, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंद. पंधरा दिवसांत? बरं, कुणाला गुलाबी वीस नंबरची सुई, कुणाला त्याहून बारीक निळी बावीस, कुणाला पोटॅशियम चालू, कुणाची सुई कोपराच्या घडीत. हे सगळं सारखं कोण करणार?

पेठेतला_भावा
लई डोकं लावताय राव. हॅन्डवॉशवर करा, सगळेच करत्यात.

सांख्यिकी_दादा
सॅम्पल साइज किती घेणार ते आधी सांगा.

नाईटड्युटी_राजारामपुरी
सगळ्यांचे आभार. काल नाईटला एक साधी गोष्ट लक्षात आली. आमच्या वॉर्डात असे हात महिन्याला किती होतात, हे कुणालाच सांगता येईना. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या "फार नाही", मावशी म्हणाल्या "रोजच की". ही संख्याच माहीत नसेल तर तुलना कशाशी करू?
म्हणून प्रश्न असा ठरवलाय: 'मेडिसिन वॉर्डातल्या प्रौढ पेशंटपैकी किती जणांचा व्हीआयपी स्कोअर कॅन्युला काढेपर्यंत २ किंवा जास्त होतो, आणि कितव्या दिवशी?' हा स्कोअर म्हणजे कॅन्युलाची जागा बघून शिरेच्या दाहाला द्यायचे मार्क, ० ते ५ असतात, २ म्हणजे फ्लेबायटिसची सुरुवात, कॅन्युला काढून दुसरीकडे लावायची. सुईचा नंबर, जागा आणि चालू औषध यांची नोंद फक्त करणार. उपाय नाही, तुलना नाही. दर शिफ्टला बघायचं आणि लिहायचं. एथिक्सची परवानगी आणि पेशंटची संमती घेणारच.
क्लास नाही, पुस्तक नाही. एक रजिस्टर आणि टॉर्चचे सेल घेतले. रात्री लाइट लावला की अख्खा वॉर्ड जागा होतो.

लायब्ररी_कोपरा
तुलना नाही म्हणजे पिको अपुरा राहिला. मॅडम परत पाठवतील बघा.

नाईटड्युटी_राजारामपुरी
पाठवू देत. काल त्यांना दाखवला. "शेवटी प्रश्नचिन्ह आलं एकदाचं" म्हणाल्या, बाकी काही नाही.

सांख्यिकी_दादा
लॅपटॉप कुठला घेतला मग?

निवृत्त_सिस्टर
तो दोन-तीनचा स्कोअर काय असतो गं? आमच्या वेळी नव्हता. शनिवारी तुझ्या वॉर्डाकडं येतो, हात बघून दाखव मला.

पुणेकर_४११०३०
येतो की येते?