थीम म्हणजे नक्की काय, आणि सेटिंगचा तिच्याशी काय संबंध?

अर्धविराम:
मंडळी, प्रश्न बेसिक आहे, हसू नका. साडेतीन पानांची एक लघुकथा लिहिली, आमच्या लेखन ग्रुपात वाचली, तर सगळ्यांचं एकच, "वातावरण छान उभं केलंयस पण थीम कळत नाही." कथा अशी की आयसीयूच्या बाहेर रात्री भाऊ-बहीण बसलेत, आत वडील, दोघांचा ३ वर्षं अबोला, आणि ऑपरेशनच्या फॉर्मवर कोणीतरी एकाने सही करायचीये. सुरुवातीला पानभर पाऊस आहे (त्यावर जाम मेहनत घेतलीये), मग कॉरिडॉर, फिनेलचा वास, एकाच दांड्यावर जोडलेल्या स्टीलच्या खुर्च्या, भाऊ पाय हलवत बसलाय वगैरे. माझ्या मते थीम आहे "नाती". एवढं सरळ असून कळत का नाही?

शाईचा_डाग:
"नाती" हा विषय झाला हो, थीम नाही. विषय एका शब्दात मावतो, थीम म्हणजे कथा त्या विषयाबद्दल काय म्हणते ते, तिला क्रियापद लागतं. "अबोला धरला म्हणून नातं सुटत नाही" असं काहीतरी म्हणा, मग निदान कोणी तुमच्याशी वाद तरी घालेल, "नाती"शी काय वाद घालणार? आणि शाळेत गोष्टीखाली तात्पर्य लिहायचो तेही हे नव्हे, तात्पर्य गोष्टीपासून वेगळं काढून फळ्यावर लिहिता येतं, थीम तशी सोलून निघत नाही.

सेटिंगचं, म्हणजे कथा जिथे आणि जेव्हा घडते त्याचं म्हणाल तर मी एक उद्योग करते, जागा आणि वेळ बदलून बघते. तुमच्या दोघांना आयसीयूऐवजी कोर्टाच्या व्हरांड्यात बसवा, काय मोडतं? घाई उरत नाही, आत वडील उरत नाहीत, म्हणजे हॉस्पिटल गरजेचं आहे. आता पाऊस काढा. काय मोडलं? काहीच नाही. पाऊस गेला तरी चालेल, सॉरी.

पानगळ२:
+१, पावसाला निरोप द्या. एक उदाहरण देतो, अमेरिकन लेखक हेमिंग्वेची १९२७ची कथा "हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स". स्पेनमधलं एब्रो नदीच्या खोऱ्यातलं स्टेशन, रुळांच्या दोन ओळींच्या मधोमध, एका बाजूला ना झाड ना सावली, दुसऱ्या बाजूला पिकाची शेतं आणि नदीकाठची झाडं. गाडी ४० मिनिटांत येणार आणि २ मिनिटंच थांबणार. जोडपं गर्भपातावरून घासाघीस करतंय पण तो शब्द कथेत एकदाही येत नाही, मग वाचकाला कळतं कुठून? बरंचसं त्यांच्या अडखळत्या बोलण्यातून, आणि बाकीचं त्या स्टेशनवरून. ती मुलगी उठून फलाटाच्या टोकाला जाते आणि हिरव्या बाजूकडे बघते, बस्स, तिला काय हवंय ते लेखकाला वेगळं सांगावं लागत नाही. जागेचं वर्णन जेमतेम काही ओळींचं आहे, पण त्यातली एकही ओळ काढून बघा, कथा लंगडते.

तिरकस_बाण:
थोडा विरोध नोंदवतो. प्रत्येक कथेत सेटिंगने थीम ओढलीच पाहिजे हा नियम कोणी केला? आपल्या कहाण्या "आटपाट नगर होतं" एवढ्यावर सुरू होतात आणि मस्त चालतात, तिथे जागा मुद्दाम कुठलीच नाही, कारण गोष्ट कोणालाही लागू पडायला हवी असते. आणि दर वेळी वातावरण मूडला मॅचिंगच हवं असंही नाही, अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनची १९४८ची भयंकर शेवटाची कथा "द लॉटरी" उघडते ती २७ जूनच्या स्वच्छ उन्हात, फुलं काय, हिरवं गवत काय. शेवट सांगत नाही, पण ते ऊनच नंतर अंगावर येतं. दुःख आहे म्हणून पाऊस, हा हिशोब सिरियलवाल्यांचा.

शाईचा_डाग:
@तिरकस_बाण पण "आटपाट नगर" हीसुद्धा निवडच झाली ना, तिथे नेमकं गाव घालून बघा, कहाणीची बातमी होईल 😄

@अर्धविराम, एक सांगायचं राहिलं. तुमच्या त्या खुर्च्या! एकाच दांड्यावर आहेत म्हणताय आणि भाऊ पाय हलवतोय, मग बहिणीची खुर्ची हलणार की नाही? दोघं एकमेकांकडे बघत नाहीयेत, बोलत नाहीयेत, आणि त्याची बेचैनी तिच्या पाठीला कळतीये. सगळी कथा तिथेच आहे आणि तुम्ही तिला "वगैरे"मध्ये टाकलंय!

अर्धविराम:
आईशप्पथ, खुर्च्या मी नुसत्या हॉस्पिटल वाटावं म्हणून टाकल्या होत्या. काल रात्री बसलो, पाऊस उडवला (जीवावर आलं), आता कथा थेट हलणाऱ्या खुर्चीपासून सुरू होते. शेवटही बदललाय, बहीण सही करायला उठते, तिचं वजन गेल्यावर खुर्च्या जराशा कलतात आणि भाऊ मान खाली घालूनच विचारतो, "पेन आहे का?" त्यापुढे लिहिलंय, "३ वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता." जमलंय का?

पानगळ२:
पेन जबरदस्त. ते ३ वर्षांचं वाक्य मात्र तिथून उचला, अबोला आधी कुठेतरी येऊन गेलेला असू दे. "पेन आहे का"च्या पुढे काही नको.