न्यूर्नबर्गचं जुनं शहर आईला दाखवायचंय, गुडघ्यांचा त्रास आहे : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आईला घेऊन भावाकडे जर्मनीत एर्लांगनला जातेय. तिथून न्यूर्नबर्ग रेल्वेने वीसेक मिनिटं. तटाच्या आतल्या जुन्या शहरासाठी दोन दिवस राखून ठेवलेत. आई बहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेत. सपाटीवर काठी टेकत अर्धा तास चालते, चढ लागला की दर दहा पावलांना थांबते.

पण कायझरबुर्ग किल्ल्यावरची खोल विहीर तिला बघायचीच आहे. खडकात खोदलेली, साधारण 50 मीटर खोल. वरून पाणी ओततात आणि खाली आवाज होईपर्यंत सगळे गप्प उभे राहतात, मग मेणबत्त्या आत सोडतात, हे भावाने सांगितल्यापासून तिचं तेच चाललंय. माहेरी आडाचं पाणी तिनेच शेंदलंय. दोराने पडलेला घट्टा उजव्या तळव्यावर अजून हाताला लागतो. ती विहीर तिने बघितलीच पाहिजे असं मलाही वाटतं.

तर किल्ल्यावर कुठल्या बाजूने जावं? दुपारी 12 ला फ्राउएनकिर्ख चर्चच्या घड्याळात सात इलेक्टरांच्या (सम्राट निवडणाऱ्या सरदारांच्या) बाहुल्या सम्राट चौथ्या कार्लभोवती फिरतात, तेही त्याच दिवशी जमेल का? शिवाय 2 जानेवारी 1945 च्या बाँबहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ सगळं पडलं, मग उभारलं. त्यातून वाचलेली घरं कुठे बघायला मिळतील? आणि खाण्याचं काय? आई शाकाहारी, तिला अंडंही चालत नाही.

प्रतिसाद :

ताई, एका दिवसात दोन्ही नको. घड्याळ दुसऱ्या दिवशी, तिथला हाउप्टमार्क्ट चौक सपाट आहे.

किल्ल्यासाठी 4 नंबरच्या ट्रामने टीअरगेर्टनरटोअर या जुन्या वेशीपाशी उतरा. वेशीतून आत गेलात की चित्रकार ड्यूररचं घर असलेला चौक लागतो. तिथे कॅफेत काकूंना चांगलं अर्धा तास बसू द्या. पुढचा चढ थोडाच, पण उभा आणि दगडी फरसबंदीचा. पाऊस असेल तर बेत पुढे ढकला, ते दगड निसरडे होतात. उतरताना घाई नको, झिजलेल्या गुडघ्यांना उतारच जास्त छळतो.

वाचलेली घरं वाइसगेर्बरगासेत, चामडं कमावणाऱ्यांच्या गल्लीत. लाकडी चौकटींची, एकाला एक लागून.

खाण्याचं मात्र जपा. केझश्पेट्झल म्हणजे चीज घातलेल्या शेवयांच्या पिठात अंडं असतं, एलिझन लेबकुखन या मसालेदार बिस्किटांमध्येही. बटाट्याच्या सॅलडमध्ये बऱ्याचदा मांस-हाडं उकळलेलं पाणी घालतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. मी आईबाबांना नेलं तेव्हा दशम्या आणि चटणी बरोबर ठेवली होती, फळं हाउप्टमार्क्टच्या बाजारात घेतली.