कवटी सोडा, झायरीका ऐका

गमीच्या, म्हणजे चघळायच्या जेली कँडीच्या कवटीत यूएसबी घालून गाणी विकणं म्हणजे गिमिक, इथपर्यंत ठीक, पण त्यावरून फ्लेमिंग लिप्स या अमेरिकन रॉक बँडचे सगळेच प्रयोग गिमिक म्हणणं मला अजिबात पटत नाही. कवटी २०११ ची, त्यातली यूएसबी बाहेर काढली की गाणी कुठेही तशीच वाजणार. पण याच बँडचा १९९७ चा झायरीका हा अल्बम बघा ना, चार सीड्या, आणि चारही एकाच वेळी चार वेगळ्या प्लेअरवर लावायच्या, म्हणजे प्लेअर गोळा करा, माणसं बोलवा, एक दोन तीन म्हणून एकदम प्ले दाबा, आणि एवढं करूनही प्लेअर्सचा स्पीड अगदी सेम नसतो त्यामुळे ट्रॅक हळूहळू मागेपुढे सरकतात आणि दर वेळी अल्बम थोडा वेगळाच ऐकू येतो. बँडला तेच तर हवं होतं! चारही मिक्स करून एक फाइल बनवता येते, पण मग खोलीच्या चार कोपऱ्यांतून येणारा आवाज गेला आणि ते सरकणंही गेलं, राहिलं काय? चार प्लेअर जमत नसतील तर निदान दोन सीड्या तरी एकत्र लावून बघा, खरंच.