समुद्रात लोह सोडून पाहण्यासाठी सरकारी पैसा खर्च करावा का?

दर्यावर्दी
समुद्रात लोह सोडून पाहणाऱ्या २००९ सालच्या 'लोहाफेक्स' या भारत-जर्मनी प्रयोगाचा विषय निघाला की 'फसलेला प्रयोग, पाण्यात गेलेला पैसा' असा शेरा मारून मंडळी मोकळी होतात. मला तो अन्यायाचा वाटतो. समुद्र आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या नात्यावरचे असे प्रयोग सरकारी पैशातूनच व्हायला हवेत, मग उत्तर 'नाही' असे का येईना, हे माझे म्हणणे आहे.

दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असूनही वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) फारसे वाढत नाहीत, कारण तेथे लोह अत्यल्प आहे. ते पुरवले तर प्लवक फोफावतील, कर्बवायू शोषतील आणि मेल्यावर तो कार्बन घेऊन तळाकडे जातील, असा तर्क जॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मांडला होता. तो पारखण्यासाठी गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीतील ब्रेमरहाफेनची आल्फ्रेड वेगेनर संस्था एकत्र आल्या. वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक यांच्या नेतृत्वाखाली 'पोलारस्टर्न' जहाज केप टाउनहून निघाले. दक्षिण अटलांटिकमधील एका भोवऱ्यात, सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात, दोनदा प्रत्येकी सुमारे १० टन फेरस सल्फेट, म्हणजे दर वेळी सुमारे २ टन लोह, सोडण्यात आले आणि ३९ दिवस त्या पाण्याचा माग काढण्यात आला. हरितद्रव्य दुप्पट झाले, पण पाण्यात सिलिका फारच कमी असल्याने सिलिकाचे जड कवच असणारे डायटम हे प्लवक वाढलेच नाहीत. जे इवलेसे प्लवक वाढले, त्यांचा कोपेपॉड या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांनी फडशा पाडला आणि खोल जाणारा कार्बन वाढल्याचे दिसले नाही.

याउलट २००४च्या 'आयफेक्स' या अशाच प्रयोगात डायटम बहरले आणि त्या बहराचा निम्म्याहून अधिक भाग १,००० मीटरखाली गेल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. हे दोन निकाल शेजारी ठेवल्यावरच कळते की नुसत्या लोहाने भागत नाही, सिलिकाही लागते. ही माहिती कोणत्या कंपनीने पदरमोड करून मिळवली असती?

सावध नागरिक
आपण निकालाबद्दल लिहिले, प्रक्रियेबद्दल मात्र मौन पाळले. मे २००८ मध्ये बॉन येथे जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी, किनाऱ्याजवळचे छोटे वैज्ञानिक अभ्यास वगळता, समुद्राला लोह पुरवण्याचे उद्योग थांबवावेत असे ठरवले होते. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत हे जहाज भर महासागरात निघाले, जर्मनीच्याच पर्यावरण मंत्रालयाने आक्षेप घेतला, संशोधन मंत्रालयाने काम थांबवले आणि नव्याने परीक्षण करून जानेवारीअखेर परवानगी दिली. जहाज बंदरातून सुटल्यावर परवानगीचा खल करणे हे कोणत्या शिस्तीत बसते? शिवाय उत्सर्जन कमी करण्याऐवजी समुद्रालाच औषध पाजायचे, हे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला देण्यासारखे आहे.

दर्यावर्दी
परवानगीचा घोळ झाला, हे मान्य. पण ऑक्टोबर २००८ मध्ये समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या लंडन कराराच्या देशांनी व्यापारी लोहपेरणी नाकारताना खऱ्या वैज्ञानिक संशोधनाला वाट मोकळी ठेवली होती, हेही सांगायला हवे. सरकारने हात आखडता घेतला की काय होते, ते २०१२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर दिसले. साल्मन वाढतील आणि कार्बन क्रेडिट विकता येतील, या आशेवर एका खासगी उपक्रमाने सुमारे १०० टन लोहयुक्त द्रव्य समुद्रात ओतले. ३९ दिवस मोजमाप करीत बसण्यात अशा लोकांना स्वारस्य नसते.

हिशेबनीस
माझा आक्षेप वेगळा आहे. संशोधनाला पैसा द्यावा, पण कोणत्या? मानवी उत्सर्जनातील सुमारे एक चतुर्थांश कर्बवायू महासागर शोषून घेतात, आणि औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच) सुमारे ०.१ ने घसरला आहे, म्हणजे पाण्याची आम्लता वाढली आहे. हे समजले ते चमत्कारिक प्रयोगांतून नव्हे, तर तेच पाणी तेथेच जाऊन वर्षानुवर्षे मोजल्यामुळे. आपल्याकडे गोव्यात कांदोळीसमोर एक ठिकाण आहे, जेथे शास्त्रज्ञ नियमितपणे नमुने घेत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथील तळाजवळचे पाणी इतके प्राणवायूविरहित होते की बाटली उघडल्यावर सडक्या अंड्यांसारखा हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. पण अशा मोजणीच्या बाराव्या वर्षासाठी निधी मागणारा अर्ज कोणत्याही समितीला रुचत नाही. नवे नाव, नवे जहाज, नवी मोहीम असली की फाइल हलते. २०२१ साली मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेला पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मिळाले, आणि सगळी चर्चा ६,००० मीटर खाली माणसे नेणाऱ्या 'मत्स्य ६०००' यानाची झाली. त्यात हवामानबदलासाठी समुद्राचे निरीक्षण हाही एक भाग आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

जीवरसायन
हिशेबनीस यांनी 'हे किंवा ते' अशी विभागणी केली, ती पूर्ण पटत नाही. ज्या नक्वींनी लोहाफेक्सचे नेतृत्व केले, त्यांच्याच गटाने भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत प्राणवायू घटल्याने नायट्रस ऑक्साइडची निर्मिती वाढते, हे २००० साली दाखवले होते. तीच माणसे, तीच प्रयोगशाळा.

मात्र त्यातून निघणारा अर्थ दर्यावर्दी यांना आवडेलच असे नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे अरबी समुद्रात खालचे, कर्बवायूने भारलेले पाणी वर येते आणि हा समुद्र तो वायू हवेत सोडतो. त्याच पाण्यातील पोषकद्रव्यांवर प्लवक वाढतात, बुडतात, कुजतात, आणि कुजताना खालचा प्राणवायू संपतो. कार्बन खोल जातो ही एक बाजू झाली. तो कुजताना नायट्रस ऑक्साइड तयार झाला तर मिळवलेले काही अंशी हातचे जाते, कारण तो वायू कर्बवायूपेक्षा कितीतरी पट अधिक उष्णता अडवतो. म्हणून लोह सोडण्याचा कोणताही पुढचा प्रयोग ३९ दिवसांत आटोपणारा नसावा. ज्या खोलीवर कार्बन जातो, तेथील प्राणवायू आणि नायट्रस ऑक्साइड काही वर्षे मोजण्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असावी.

हिशेबनीस
तेवढी तरतूद केली तर माझा विरोध बराचसा मावळेल. पण अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा पहिला घाव याच मोजणीवर पडतो.

सावध नागरिक
माझा विरोध तरीही राहील. २०१३ साली लंडन कराराशी जोडलेल्या लंडन प्रोटोकॉलमध्ये अशा प्रयोगांवर बंधनकारक नियंत्रण आणणारी दुरुस्ती मंजूर झाली, पण पुरेशा देशांची मान्यता न मिळाल्याने ती वर्षानुवर्षे अमलात आलेली नाही. आधी ती अमलात आणावी, मग निधीचे बोलावे.