मदत हवी आहे: आजोळच्या चांदीच्या किटलीवरचे इंग्रजी शिक्के कुणाला वाचता येतील का?

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या आजोळी, पुण्याच्या वाड्यात, चांदीची एक किटली आहे. घरात सगळे तिला "साहेबाची किटली" म्हणतात. चहा तिच्यात कधी झाला असेल असं वाटत नाही, वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर यायची, हळदकुंकू लागायचं आणि परत पेटीत. आता वाडा बिल्डरकडे गेला, सामान आवरताना मामा म्हणाला तुला या सगळ्याची हौस आहे, तू घेऊन जा, म्हणून ती माझ्याकडे आलीय.

घरात सांगतात ते असं, की आईचे आजोबा प्लेगच्या साथीत इस्पितळात कंपाउंडर होते, लोक घरं सोडून पळत होते तेव्हा हे थांबले, आणि तिथला गोरा डॉक्टर मायदेशी जाताना ही किटली त्यांना देऊन गेला. साल १८९७, रँडला गोळी घातली त्याच उन्हाळ्यात. पणजोबा १९१८ च्या इन्फ्लुएंझात गेले, तेव्हा माझे आजोबा तेरा वर्षांचे होते, म्हणजे ही गोष्ट त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेली असणार. पण कागद नाही, फोटो नाही. किटलीच्या पोटावर काहीतरी कोरलेलं होतं म्हणे, ते शंभर वर्षं रांगोळी आणि विभूतीने घासून घासून पुसून गेलंय, बोटाला नुसतं खडबडीत लागतं.

आता शिक्के. तळाला एका ओळीत चार आहेत. पहिल्यात दोन अक्षरं, त्यातलं पहिलं पार गेलंय, दुसरं "एच" आहे. मग नांगर (जहाजाचा, शेतातला नव्हे), मग एक पंजा उचलून चालणारा सिंह, आणि शेवटी छोट्या लिपीतलं एक अक्षर, आणि माझं सगळं अडलंय ते याच अक्षराशी. मामेभाऊ म्हणतो "आर" आहे, मला "एक्स" वाटतं. त्याने नेटवरचा एक तक्ता काढून "आर म्हणजे १९१२" असं सांगून टाकलं आणि मामाचा चेहराच पडला, कारण मग प्लेगची गोष्ट संपलीच ना.

आमच्या भागातल्या एका सराफाकडे नेली तर ते म्हणाले हे शिक्के नुसती नक्षी असते, टंच काढून मोडीचा भाव देतो, नाहीतर बफ मारून नव्यासारखी चकाचक करून देतो. मी तशीच उचलून घरी आणली.

बरोबर पणजोबांची सदऱ्याची चार सोन्याची बटणं पण आहेत, त्यावर "१५" आणि ".६२५" असं बारीक ठोकलंय. सराफ म्हणाले १५ कॅरेट सोनं नसतंच, बनावट आहे. खरंच तसं असतं का?

विकायचं काहीही नाहीये. मला फक्त ही किटली कधीची आणि कुणी केलेली ते कळायला हवंय.

प्रतिसाद १

ताई, सगळ्यात आधी, बफ अजिबात मारू नका. शिक्का एकदा झिजला की तो परत आणता येत नाही, आणि पोटावरची कोरीव अक्षरं जेवढी उरलीत तीही जातील.

शिक्के नक्षी नाहीत, उलट ब्रिटिश चांदीइतका नीट हिशोब फार कमी देशांनी ठेवलाय. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. तिथल्या कारागिरांना माल तपासायला लंडन नाहीतर चेस्टरला पाठवावा लागायचा, मॅथ्यू बोल्टनने (वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटचा भागीदार, तोच) खटपट केली आणि १७७३ मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्ड दोघांना आपापलं तपासणी कार्यालय मिळालं. एकाला नांगर, एकाला मुकुट. समुद्रापासून एवढ्या लांबच्या गावाला नांगर कसा, तर या कामासाठी मंडळी लंडनला ज्या खानावळीत भेटायची तिचं नाव "क्राउन अँड अँकर" होतं असं सांगतात. लंडनचं चिन्ह बिबट्याचं तोंड. सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी.

शेवटचं अक्षर वर्षाचं, दर वर्षी पुढचं अक्षर, आणि ओळ संपली की नवं चक्र. इथेच तुमच्या मामेभावाची गल्लत झालीय, त्याने लंडनचा तक्ता उघडला. प्रत्येक गावाचं चक्र वेगळं. लंडनचं चक्र वीस अक्षरांचं, ते "यू"पाशी संपतं, "एक्स" त्यात येतच नाही. बर्मिंगहॅमचं त्या काळात पंचवीस अक्षरांचं होतं, "जे" तेवढा वगळायचे. दर चक्राला लिपी बदलायची. १८७५ पासूनचं चक्र छोट्या गॉथिक (जुन्या हस्तलिखितांसारख्या जाड, टोकदार) अक्षरांचं, १९०० पासूनचं छोट्या साध्या अक्षरांचं. म्हणजे तुमच्याकडे चार शक्यता आहेत: आर असेल तर १८९१ किंवा १९१६, एक्स असेल तर १८९७ किंवा १९२२.

राणीचं डोकं कुठे दिसतंय का नीट बघा. १७८४ ते १८९० चांदीवर कर होता, तो भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकं ठोकायचे. नसेल तर १८९० नंतरची, आणि चारही शक्यता तशाच उभ्या राहतात.

धागाकर्ती

दादा, किती धन्यवाद! डोकं नाहीये, मी भिंगातून दोनदा बघितलं. १९२२ निघालं तर मात्र पणजोबा तेव्हा नव्हतेच. आता छातीत धडधड व्हायला लागलीय.

प्रतिसाद २

एक शंका काढून टाकायला विचारतो, मुलामा तर नाही ना? बर्मिंगहॅमच्याच एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये विजेने मुलामा चढवायचं पेटंट घेतलं, आणि मग त्या मालावर "ई पी एन एस" (विजेने चांदीचा मुलामा दिलेलं निकेल सिल्व्हर) ही चार अक्षरं चार वेगवेगळ्या ढालींत अशी ठोकायला लागले की लांबून हॉलमार्कच वाटावा. आमच्याकडे एक ट्रे पिढ्यानपिढ्या चांदीचा म्हणून पूजेला होता, कडा झिजल्यावर आतून पिवळट धातू दिसला. तुमच्याकडे खरा सिंह आणि नांगर असेल तर काळजी नको.

दुसरं, आपल्याकडे इंग्रजी अमदानीत चांदीच्या वस्तू तपासून त्यांवर असे शिक्के मारणारं सरकारी कार्यालयच नव्हतं. त्यामुळे इथे घडलेल्या मालावर नुसतं नाव सापडतं, कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीचं, मद्रासच्या पी. ऑर अँड सन्सचं, भूजच्या उमरसी मावजींचं "ओ एम". पुण्यातच हीरप्पा बुचेना यांच्या नावाची, देवदेवतांच्या नक्षीची चांदी घडत होती, चहाचे सेटसुद्धा. तुमच्या किटलीवर असं नाव नाही, म्हणजे ती विलायतेहूनच आलेली आहे.

प्रतिसाद ३

बटणांबद्दल लिहितो, कारण आमच्या घरात याच कारणाने एक साखळी वितळवली गेली आणि ते मला आजही लागतं. १५ कॅरेट असायचं. ब्रिटनमध्ये १८५४ मध्ये १५, १२ आणि ९ कॅरेटला कायद्याने परवानगी मिळाली, १९३२ मध्ये १५ आणि १२ बंद करून त्यांच्या जागी १४ आणलं. पंधरा भागिले चोवीस करून बघा, .६२५ येतं. सोन्यावर मुकुटाचा शिक्का तेव्हा फक्त १८ आणि २२ ला असायचा, त्यामुळे बटणांवर मुकुट नाही म्हणून घाबरू नका. "१५" आणि ".६२५" हे शिक्के खरे असतील तर बटणं १९३२ च्या आधीची आहेत, आणि पणजोबांची म्हणताय त्याला ते धरूनच आहे. सराफाला आपल्या २२ कॅरेटची सवय, त्याने पाहिलं नसेल, पण म्हणून बनावट म्हणायचं कारण नाही.

प्रतिसाद ४

गोव्याहून लिहितोय, विषय थोडा बाजूला जातोय पण कुणाच्या तरी कामी येईल. आमच्याकडच्या जुन्या चांदीवर नांगर-सिंह शोधू नका, पोर्तुगालहून आलेल्या वस्तूंवर रानडुकराचं डोकं असतं, ते १८८७ ते १९३७ चं, आणि १९३८ पासून गरुड. चांदीही बरेचदा ८३३ ची, म्हणजे स्टर्लिंगपेक्षा हलकी. माझ्या आजीच्या ट्रेवरचं डुक्कर आम्ही कित्येक वर्षं कुत्रा समजत होतो.

ताई, तुमच्या अक्षराचा फोटो सरळ उजेडात काढू नका, शिक्का सपाट दिसतो. अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरा. नाहीतर शिक्क्यावर तोंडाने वाफ सोडा, वाफ उडताना दोन सेकंद खोलगट भाग स्पष्ट दिसतो.

प्रतिसाद १

आणि महत्त्वाचं राहिलं. झाकण बघा, आतून! किटलीचे जे वेगळे भाग असतात त्यांनाही छोटे शिक्के मारायचे, बहुतेक सिंह आणि वर्षाचं अक्षर. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणी रांगोळी घासत बसत नाही, तिथला शिक्का बरेचदा कोरा करकरीत सापडतो.

गॉथिक "एक्स" हा आपण काढतो तसा फुलीसारखा नसतो. तो "आर"सारखाच उभा असतो, फक्त मधून एक आडवी रेघ जाते आणि खाली डावीकडे शेपूट निघतं. तुम्ही दोघं एकाच अक्षराकडे बघून दोन अक्षरं वाचताय, त्याचं कारण मला तरी हेच वाटतंय. साधा छोटा "एक्स" असता तर "आर" कुणी वाचलाच नसता.

धागाकर्ती

सापडला!!! झाकणाच्या आत बिजागरीपाशी कुंकवाचा आणि तुपाचा थर बसला होता, कोमट पाण्यात रिठे भिजवून मऊ ब्रशने हळूहळू काढला, अर्धा तास गेला, आणि खाली सिंह आणि अक्षर. अगदी तुम्ही म्हणालात तसं, उभा दांडा, आडवी रेघ आणि डावीकडे वळलेलं शेपूट. मामाला फोन केला तर तो काही बोललाच नाही बराच वेळ.

म्हणजे १८९७ नक्की ना?

प्रतिसाद १

अभिनंदन ताई! गॉथिक एक्स म्हणजे १८९७, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. बर्मिंगहॅमचं अक्षर जानेवारीत नाही, जुलैत बदलायचं. म्हणजे हा शिक्का जुलै १८९७ ते जून १८९८ मधला. रँडवर गोळी झाडली २२ जूनच्या रात्री. त्या उन्हाळ्यात ही किटली पुण्यात असणं शक्य नाही, तेव्हा हा ठसा वापरातच आलेला नव्हता. पुढे बोटीने यायला वेळ लागणार तो वेगळाच. शिवाय शिक्का सांगतो तपासणी कधी झाली ते, कुणी कुणाला कधी दिली ते नाही. प्लेग त्या पावसाळ्यानंतर पुण्यात परत आला होता, त्यामुळे मूळ गोष्ट खोटी पडत नाही, उन्हाळा तेवढा गळतो. घरात नेमके शब्द काय सांगायचे, आठवतात का कुणाला?

धागाकर्ती

मामीला विचारलं. तिने सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या तोंडून दर लक्ष्मीपूजनाला ऐकलंय, ती म्हणाली ते कधी १८९७ म्हणायचेच नाहीत, "शके अठराशे एकोणीस, रँडचं साल" म्हणायचे. इंग्रजी साल मामाने नंतर काढलं आणि रँडचं नाव होतं म्हणून उन्हाळाही त्यानेच धरला. मी आत्ता हिशोब केला, शके १८१९ गुढीपाडव्याला म्हणजे एप्रिल १८९७ ला सुरू होऊन मार्च १८९८ पर्यंत चालतं. म्हणजे पावसाळ्यानंतर साथ परत आली ते दिवसही त्यातच येतात, बरोबर ना?

प्रतिसाद १

अगदी बरोबर. आजोबांनी साल चोख जपलं होतं.

आता करणाऱ्याचं, म्हणजे पहिल्या शिक्क्याचं. फक्त "एच" वरून नाव ठरवू नका. एकच आद्याक्षरं अनेकांनी नोंदवलेली असायची, म्हणून बाहेरच्या चौकटीचा आकार, मधे टिंब आहे की "अँड"ची खूण, हे सगळं जुळावं लागतं. बर्मिंगहॅमचा "जी यू" म्हणजे जॉर्ज युनाइट, "एन एम" म्हणजे नॅथॅनियल मिल्स, ही नावं सरावाने ओळखू येतात, पण तुमच्याकडे अर्धंच नाव आहे. आणि तो शिक्का माल तपासायला देणाऱ्याचा, ज्याच्या हाताने घडली त्याचाच असेल असं नाही. ते कार्यालय आजही चालू आहे, पूर्ण चौकटीचा स्वच्छ फोटो मिळाला तर तिथे विचारता येईल.

धागाकर्ती

उद्या सकाळी कोवळ्या उन्हात आडवा उजेड धरून पहिल्या शिक्क्याचा फोटो काढते. चौकट मला खालच्या बाजूने टोकदार वाटतेय आणि "एच"च्या आधी वरच्या अंगाला एक आडवी रेघ उरलीय, "टी" असेल किंवा "एफ". बर्मिंगहॅम, १८९७-९८, शेवटचं अक्षर "एच", असं कुणाच्या घरी दुसऱ्या कुठल्या वस्तूवर असेल तर कृपया चौकटीचा आकार कळवा.