मदत हवी आहे : लँडिस-टू मध्ये बांबू कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी. गडचिरोलीत एका ग्रामसभेला सामूहिक वनहक्काच्या जंगलाचा आराखडा करायला मदत करतोय. पुढच्या 50 वर्षांत तोड आणि वणवा यांनी जंगल कसं बदलेल हे गावाला नकाशावर दाखवायचंय, म्हणून लँडिस-टू (LANDIS-II) हे जंगलातले बदल संगणकावर मांडणारं मॉडेल घेतलं. मोफत आहे, कोडही खुला आहे.

साग, ऐन, मोह, तेंदू जमले. हे मॉडेल जंगलाचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात प्रजातींचे वयोगट धरतं. कमाल वय, बी किती लांब पडतं, सावली किती सोसतं, एवढं दिलं की चालतं. अडलंय ते मानवेल बांबूपाशी. दर पावसाळ्यात बेटातून नवे कोंब येतात, तीन-चार वर्षांनी जून काठ्या काढतात, आणि कित्येक दशकांनी सगळी बेटं एकदम फुलून वाळतात. वयोगटात हे कसं मांडू?

परवा लॅपटॉपवर नकाशा बघून एक आजोबा नाल्याकडच्या चौकोनावर बोट टेकवून म्हणाले, "इथं बांबू आहे, तुमच्यात दिसत नाही." गावाची कमाईच बांबूवर. तो गाळून आराखडा देणं मला पटत नाही.

कुणी बांबूसाठी वेगळं एक्स्टेन्शन (मॉडेलला जोडायचा जादा भाग) वापरलंय का? की दुसरं मॉडेल घ्यावं? कृपया सांगा.