मदत हवी आहे: युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये लालपरी निवडली की गेम बंद पडायलाय

उदगीरकर:
पीसी सेकंडहँड. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड. (हे कार्ड ६० वॅटचं, जुन्या पॉवर सप्लायला झेपतं म्हणून घेतलं.)

बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत. त्यांच्यासाठी लालपरीचा मॉड (गेममध्ये नवी गाडी आणणारी जादाची फाइल) टाकला होता. महिनाभर त्यांनी जर्मनी-फ्रान्स फेऱ्या मारल्या. वर आम्हालाच ऐकवायचे, "खड्डाच नाही, ह्यात ड्रायव्हरचं काय कौतुक?" मागच्या आठवड्यात गेम आपोआप अपडेट झाला. तेव्हापासून लालपरी निवडली की सरळ डेस्कटॉप. मॉड पुन्हा उतरवला, ग्राफिक्स कार्डचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नवं टाकलं, फरक शून्य. साधा ट्रक मात्र दोन-दोन तास चालतो.

दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, नवं घ्या. इथं पारा ४२ वर, त्यात लाइटीचा खेळ, म्हणून मलाही शंका येतेय. पैसे घालण्याआधी विचारतोय. बाबांची प्रोफाइल (गेममध्ये सेव्ह झालेला त्यांचा खेळ) जायला नको.

गोदाकाठ:
कार्ड घेऊ नका! उन्हानं कार्ड तापलं असतं तर साध्या ट्रकलाही अडकलं असतं. एकाच गाडीवर आणि तेही अपडेटनंतर पडतंय म्हणजे मॉड जुना झालाय. डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या फोल्डरात 'गेम डॉट लॉग' नावाची फाइल असते. गेम पडल्याबरोबर ती उघडा, शेवटच्या एरर ओळींत मॉडच्या फाइलचं नाव दिसतं का बघा.

दिसलं तर स्टीमवर (गेम जिथून उतरतो ते ॲप) गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाज आहे, तिथून आधीची आवृत्ती निवडता येते. त्याआधी प्रोफाइलचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. नव्या आवृत्तीत सेव्ह झालेली प्रोफाइल जुनीत उघडेलच असं नाही, म्हणून आधी वेगळी प्रोफाइल काढून लालपरी चालवून बघा.

उदगीरकर:
लॉगमध्ये मॉडचंच नाव निघालं. आधीच्या आवृत्तीवर नव्या प्रोफाइलनं लालपरी निघाली! बाबांची जुनी प्रोफाइल अजून पेनड्राइव्हवरच आहे, तिला हात लावायचं धाडस होईना. आता बाबा विचारायलेत, आपल्यासारखं डाव्या बाजूनं कुठं चालवायला मिळंल?

गोदाकाठ:
ब्रिटनला पाठवा. मूळ नकाशातच आहे, वेगळे पैसे पडत नाहीत.